कडब्याचं घर

आमच्या घरमालकांना दोन नावं होती आणि दोन्हींपैकी एकानंही त्यांना कुणी हाक मारत नसे. गाव त्यांना डायवर म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. पुढं ‘भाऊ’ लावावं की ‘साहेब’ हे माझं शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून नाव उघडंबोडकं आणि क्रियापद तेवढं आदराचं. “डायवर, जेवलात का?” त्यांचं उत्तरही ठरलेलं असे. “जेवून राह्यलो ना, मास्तर.” हातात भाकरी, भाकरीवर ठेचा आणि अंगणात येरझाऱ्या. हा माणूस बसून जेवताना मी कधी पाहिला नाही. ताट मांडून बसलं की समोरची रिकामी जागा डोळ्यांत खुपते, असं ते एकदा म्हणाले होते, पण तेही चालता चालताच.

मी तेव्हा मालेगावच्या शाळेवर नवाच आलो होतो. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशकाकडचं आठवतं. आमचं ते जहागीरचं, वाशिमच्या रस्त्यावरचं. माझी आईसुद्धा वर्षभर भलत्याच मालेगावाची काळजी करत होती. गावात ओळखीचं कुणी म्हणता कुणी नव्हतं. शाळा सुटली की खोलीवर यायचं, कंदिलाची काच पुसायची आणि उद्याच्या शाळेची वाट पाहायची. डायवरांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती, मागच्या दोन खोल्यांत ते एकटे. दोन एकटी माणसं एका छपराखाली राहिली म्हणजे सोबत होते असं नाही, पण निदान दुसऱ्याच्या बादलीचा आवाज येतो. मला तेवढाही पुरत होता.

त्यांच्याकडे एक गाडी होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, पुढं दोघांना बसायला जागा आणि मागं उघडा हौदा. या गाडीवर ते आठवडी बाजारांची भाडी मारत. मिरच्यांची पोती, सरकी, तांब्या-पितळेची भांडी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. इंजिन म्हातारं झालेलं. चढ आला की डायवर बोलायचं थांबत, अगदी अर्ध्या वाक्यात. “चढावर तिचं ध्यान दुसरीकडं नाई गेलं पायजे,” असं त्यांचं म्हणणं. चढ संपला की उरलेलं अर्धं वाक्य जसंच्या तसं पुढं सुरू. शेजारी बसणाऱ्यानं पहिलं अर्धं लक्षात ठेवायचं, ही त्या गाडीत बसण्याची अट होती.

संध्याकाळी घरी आले की दारासमोर गाडी उभी करून ते भोंगा वाजवत. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली यांच्याच खिशात, तरी भोंगा. मग जरा वेळ थांबत. आतून कुणी येत नाही अशी खात्री पटली की खाली उतरत आणि कुलूप काढत. पहिल्यांदा मला हसू आलं. पुढंपुढं भोंगा ऐकला की मीच माझ्या खोलीतून बाहेर येऊन उभा राहू लागलो. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण एकदा मी पोटदुखीनं पडून होतो आणि बाहेर आलो नाही, तर त्या संध्याकाळी त्यांनी भोंगा पुन्हा वाजवला.

दोन नावांची गोष्ट मला शेजारच्या बुढीनं सांगितली. लढाईत डायवर आसाम-ब्रह्मदेशाकडं लष्कराच्या गाड्या हाकत होते. घरी आई, थोरला भाऊ आणि नुकती नांदायला आलेली बायको. एक दिवस त्या बाजूचा कुणी रजेवरचा शिपाई बाजारात भेटला आणि म्हणाला, तुमच्या पोराची गाडी दरीत गेली. तार नाही, सरकारी कागद नाही. पण भाकरी करपली तरी सुनेचा पायगुण काढणाऱ्या त्या घराला तेवढं पुरलं. काही महिने वाट पाहिली आणि रिवाज उरकून टाकले. बाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या.

“म्याच फोडल्या,” बुढी म्हणाली. “कोनाले तरी फोडाच लागते ना, बापा. माह्ये हात धरून म्हने, मावशी, थे जित्ते हाय, मले ठाव हाय. म्या म्हनलं, बाई, साऱ्याच असंच म्हनतात.”

आणि लढाई संपल्यावर डायवर मोटारीतून उतरून गावात चालत आले. विहिरीवरच्या बायका घागरी टाकून पळाल्या. ज्याच्या तेराव्याचं जेवण गावानं जेवून पचवलं होतं, त्याला तसंच घरात कसं घ्यायचं? भटजींनी तोड काढली. रिवाज झालेला माणूस परत आला तर त्यानं नव्यानं जन्म घ्यावा. गावाबाहेर आंघोळ, मग बारसं. मिशा असलेल्या माणसाचं बारसं! घुगऱ्या वाटल्या, नवं नाव ठेवलं. आता जुन्या नावानं हाक मारावी तर अपशकुन, आणि नवं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. गावानं मधली वाट धरली, डायवर. ते स्वतः या सगळ्याची थट्टा करत. “मले पहिलीत नाव घाला, मास्तर,” म्हणायचे, “नवाच जलम हाय माहा.”

थट्टा नंतरची. तेव्हा त्यांनी आंघोळ, उपास, बारसं, सगळं निमूट करून घेतलं ते एकाच आशेवर, की बायको परत येईल. ती तोवर भावाकडं केनवडला निघून गेली होती. हे आणायला गेले तर तिनं दारातूनच सांगितलं, ज्या घरात माझ्या बांगड्या फोडल्या त्या घराचा उंबरा मी चढणार नाही, आणि ज्या गावानं ते उभं राहून पाहिलं त्या गावचं पाणी पिणार नाही. पुढं डायवरांची आई वारली. थोरला भाऊ वेगळा होऊन शेतात राहायला गेला. घर रिकामं झालं, पण ती आली नाही.

शहाण्यांनी सल्ले दिले. दुसरी कर म्हणाले, दुसऱ्या गावी जागा पाहा म्हणाले. डायवरांचं म्हणणं, दुसरं गाव म्हणजे दुसऱ्या बुढ्या. “गावच नाई असं घर पायजे, मास्तर.” तसं घर त्यांनी पाहिलेलं होतं. लढाईत एका गोऱ्या साहेबाच्या गाडीवर मागं अख्खी खोली होती. आत पलंग, टेबल, खिडकीला पडदा. साहेब सकाळी एका रानात दाढी करायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या रानात जेवायचा. त्या खोलीला शेजार नव्हता. तशीच खोली आपल्या गाडीच्या हौद्यावर चढवायची, केनवडला तिच्या दारात नेऊन उभी करायची आणि म्हणायचं, घर ते नाही, गावही ते नाही, आता तरी चल. हे त्यांनी मला किन्हीराजाच्या वाटेवर सांगितलं आणि नेमका शेवटच्या शब्दाला चढ आला. इंजिन कण्हत वर पोचेपर्यंत मी गप्प बसून राहिलो. वर आल्यावर ते म्हणाले, “चाल.”

खोली हलकी हवी होती. लाकडाची त्या इंजिनानं ओढली नसती आणि पत्र्याची उन्हाळ्यात भट्टी झाली असती. एकदा शाळेच्या आवारात पोरं धांड्याच्या बैलगाड्या करत बसली होती. ज्वारीचा धांडा सोलला की आतून पांढरा मऊ भेंड निघतो, त्याला वजन म्हणून नसतंच. डायवर पोरांच्यात उकिडवे बसले आणि एक गाडी तळहातावर तोलत राहिले. पोरांना वाटलं, आपली गाडी जाते आता. पण डायवर उठले ते थेट कडब्याच्या गंजीकडं गेले.

मग अंगणात काम सुरू झालं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात सोललेल्या धांड्यांच्या घट्ट आवळलेल्या पेंढ्या, आणि आतून-बाहेरून जुनं कापड, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेलं. विणकर सुताला लावतात तीच ही खळ. एक थर वाळला की वर दुसरा. सगळ्यात शेवटी राळ घालून कढवलेलं जवसाचं तेल द्यायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. खळ ढवळायचं काम माझ्याकडं आलं. आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच काही विश्वासानं सोपवलं होतं, आणि मी ते मन लावून केलं. शिजताना असा वास सुटायचा की भूक लागायची.

कापडासाठी ते घरोघर फिरले. बोहारणीला जायचं कापड लोकांनी यांना दिलं, कुणी कीव येऊन, कुणी गंमत म्हणून. पाटलाचं धोतर, वाण्याच्या गादीची खोळ, माझ्या दोन सदऱ्यांच्या पाठी. अख्ख्या गावाची एक वाकळ झाली. एक दिवस शेजारची बुढीही आली. तिनं आपलं चांगलं धडकं लुगडं पुढं केलं. डायवरांनी ते घेतलं, खळीत बुडवलं आणि भिंतीला लावलं, पण बाहेरच्या बाजूनं. बुढीनं ते पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि गेली.

पहिलं घर गुरांनी खाल्लं. मी अलंकारिक बोलत नाही. उन्हाळा लागला होता, त्या वर्षी गावात वैरण संपत आलेली. शेवटचा थर वाळायला खोली अंगणात उन्हात ठेवून डायवर जवसाचं तेल आणायला वाशिमला गेले. मी बाजारात गेलो. रानातून गुरं परतली आणि त्यांना दिसलं कडब्याचं घर, वरून चिंचोक्याची खळ माखलेलं. मी परत आलो तेव्हा एक भिंत संपली होती, छपराचा निम्मा भाग गेला होता, आणि एक पांढरी गाय खिडकीतून आत डोकं घालून दुसरी भिंत आतल्या बाजूनं खात होती. पाटलाच्या धोतराचा सोगा तिच्या तोंडातून लोंबत होता.

ज्वारी पिकवणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या गावात कडब्याचं घर बांधून उघड्यावर ठेवायचं, यात काही चुकतंय हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गाव तर रोज येऊन पाहत होतं. सल्ले सतराशे साठ मिळाले होते. ‘हे गुरं खातील’ एवढं एक वाक्य मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही.

उलट संध्याकाळी गायीचा मालकच भांडायला आला. “डायवर, तुमचं घर खाल्लं माह्या गाईनं. कापडासकट! तिचं पोट फुगलं म्हंजे?”

डायवरांनी भिंतीसाठी आणलेलं जवसाचं तेल उचललं, त्याच्या गोठ्यात गेले आणि ते त्या गायीला पाजलं. गाय रवंथ करायला लागेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. “तिची काय चूक? तिले वैरन दिसली,” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी भाड्यावर गेले नाहीत. हातात भाकरीही दिसली नाही. मी नेऊन दिली तर तशीच ठेवली. म्हणाले, “थे म्हनत असंन, याच्यानं काईच होत नाई.” ‘थे’ म्हणजे गाय नव्हे, हे मला कळलं. आम्ही दोघं उरलेल्या सांगाड्याकडं पाहत बसलो.

दिवाळीनंतर नवी ज्वारी निघाली आणि त्यांनी पुन्हा पेंढ्या आवळायला घेतल्या. या खेपेला खळीत निंबोळीचं तेल. बांधावरच्या पिकाला जनावरांनी तोंड लावू नये म्हणून लोक शेणकाला शिंपडतात, पण शेणानं माखलेलं घर बायकोपुढं कसं न्यायचं, म्हणून निंबोळी. सगळी खोली कडू झाली. गुराख्यानं मुद्दाम एक बैल आणून तिच्यापुढं उभा केला. बैलानं हुंगलं, फुरफुरला आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी डायवर खदखदून हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

खोली हौद्यावर चढली तशी त्यांनी मला आत निजवून एक फेरी मारली. दोन्ही भिंतींना एकेक बाक, मधे एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा, आणि खिडकी बरीच उंचावर. मला वाटलं खिडकीचं माप चुकलंय. गावातून दोनदा फिरवून गाडी थांबली आणि डायवरांनी दार उघडलं.

“मास्तर, आत निजल्यावर गाव दिसते काय?”

“नाही. नुसतं आभाळ दिसतं.”

“बुढीचं घर?”

“नाही.”

“बराबर,” ते म्हणाले आणि दार पुन्हा लावून घेतलं. मी आत पडल्या पडल्या गलबलून गेलो. एखाद्यानं आपल्यासाठी एवढा विचार केला तर आपण त्याच्यामागं कुठंही जाऊ, असं मला वाटलं. मी तरुण होतो, आणि माझ्यासाठी कुणी तोवर साधी खिडकीही उघडली नव्हती.

केनवडला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. एकटा गेलो तर भांडायला आला असं वाटेल, म्हणाले. लष्करातला सदरा धुऊन घातला होता, केसांना तेल लावलं होतं. वाटेत चढ नव्हता तरी ते बोलत नव्हते. मेव्हण्याच्या घरासमोर गाडी थांबली. मेव्हणा भला माणूस, “या, भाऊजी,” म्हणत पुढं आला. पोरंसोरं जमली. आणि ती बाहेर आली. मी मनात कुणी रडवेली, खंगलेली बाई धरून ठेवली होती. ही उन्हानं रापलेली, ताठ चालीची, हातातलं सूप न ठेवता आलेली. कपाळाला कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

तिनं खोलीभोवती एक फेरी मारली. भिंतीवर बोट वाजवून पाहिलं.

“कायची हाय?”

“धांड्याची,” डायवर म्हणाले.

“धांड्याची?” तिला हसू आलं. ते हसू पाहून मला वाटलं, जमलं आता. तिनं सूप खाली ठेवलं आणि वर चढली. एका बाकावर बसून पाहिलं, मग दुसऱ्या. भिंतीला नाक लावलं. “कडू वास येते.”

“गुरं खातात ना,” डायवर म्हणाले. ते खाली दाराशी उभे होते, दोन्ही हात चौकटीला धरून. मग इतकी वर्षं मनात घोकलेलं ते बोलले. “घर थे नाई. गावबी थे नाई. आता चाल.”

ती बाकावरून उठली नाही. बोलली ती हळू, आणि त्यात राग नव्हता.

“तुमी गेले म्हनून सांगतलं तवा म्या पयले मानलंच नाई. बांगड्या फोडल्यावर मानलं. मंग लय रडली. दिवस ना रात, रडतच होती. रडून रडून थे सारं सरलं माह्यं. तुमी जित्ते आले, मले बरं वाटलं. कुंकू तुमच्याच नावाचं लावतो म्या. पन ज्याच्यासाठी रडून झालं, त्याच्यासंग पुन्हा संसार नाई होत. म्या मनात करून पाह्यला. नाई होत.”

“मंग घराचं, गावाचं काहून सांगतलं?” डायवरांनी विचारलं.

“तुमाले तोंडावर कसं सांगू? तुमी उपास करून, बारसं करून आलते.”

मेव्हणा जमिनीकडं पाहत होता. पोरांनाही काहीतरी कळलं असावं, ती एकेक करून मागं सरली. डायवरांचे हात अजून चौकटीवरच होते. ती उठली, भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, “ही खोली इथं ठेवता येते काय? मले ओसरीत निजा लागते, कोठीपाशी. पोरं, पावने, सारे वलांडून जातात.”

“येते ना,” डायवर म्हणाले. “तुह्यासाठीच हाय.”

मेव्हणा, त्याचे गडी आणि मी, आम्ही दोर सोडून खोली खाली उतरवली. इतकी हलकी, की गडी एकमेकांकडं पाहायला लागले. अंगणाच्या कडेला लिंब होता, त्याच्याखाली नेली. डायवर म्हणाले, थांबा, आणि वाळवी लागू नये म्हणून खाली दगड बसवायला घेतले. प्रत्येक दगड हलवून पाहिला, एक काढून दुसरा लावला. पाया घेणारा गवंडीही इतका वेळ लावत नाही. कुणी घाई केली नाही. मग खोली दगडांवर ठेवली. दार त्यांनी रस्त्याच्या बाजूला घेतलं होतं. घाम पुसत त्यांनी तिला विचारलं, “असं राहू दे?”

“रस्त्याकडं नोका,” ती म्हणाली. “शेताकडं करा.”

आम्ही पुन्हा खोली उचलली आणि फिरवून ठेवली.

ती आपली वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आत गेली. दार लागल्याचा आवाज आला. मेव्हण्यानं चहासाठी फार आग्रह केला, पण डायवर थांबले नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी मान वळवून लिंबाखाली पाहिलं. रस्त्यावरून आता दार दिसत नव्हतं, खिडकी दिसत नव्हती. मागची भिंत तेवढी दिसत होती, तेल दिलेली, उन्हात चकाकणारी.

“भिंत बेस जमली ना, मास्तर?” ते म्हणाले.